बातमीतला 'लक्षणीय फरक' ज्यांच्या 5 टक्क्यांवर ठरतो, त्याच माणसाला सिगरेटचा धोका मान्य नव्हता

नवीन औषध आलं की बातमी येते, रुग्णांमध्ये लक्षणीय सुधारणा. नदीच्या पाण्याची तपासणी झाली की बातमी येते, प्रदूषणात लक्षणीय वाढ. आपण वाचतो, घाबरतो किंवा खूश होतो आणि फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड करून मोकळे होतो.

पण संशोधक जेव्हा 'लक्षणीय' म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ 'खूप मोठा' असा नसतो. त्यांचा पूर्ण शब्द असतो 'सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय'. बातमी होताना त्यातला पहिला शब्द गळतो आणि सगळा घोळ तिथेच होतो.

या शब्दामागे एक आकडा आहे, 5 टक्के. हा आकडा जगभर रुजवणारा माणूस म्हणजे सर रोनाल्ड एल्मर फिशर.

17 फेब्रुवारी 1890 ला लंडनमध्ये फिशर यांचा जन्म झाला. वडील लिलावाच्या धंद्यात होते, घरात पैसा होता. पण फिशर 14 वर्षांचे असताना आई गेली आणि पुढे वडिलांचा धंदाही बुडाला. त्यात डोळे लहानपणापासून अधू. दिव्याच्या उजेडात वाचायला मनाई असल्याने गणिताचे शिक्षक त्यांना कागद-पेन्सिलीशिवाय शिकवायचे. त्यामुळे आकृत्या डोक्यातच काढायची सवय लागली. पुढे आयुष्यभर लोकांची एकच तक्रार राहिली, की फिशर उत्तर सांगतात, मधल्या पायऱ्या सांगतच नाहीत.

केंब्रिजमधून 1912 साली पदवी घेतली. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर सैन्यात जायचं होतं, पण नजरेमुळे नकार मिळाला. मग काही वर्षं शाळेत मास्तरकी केली.

1919 मध्ये दोन नोकऱ्या समोर होत्या. एक लंडनमध्ये, त्या काळचे संख्याशास्त्राचे बादशाह कार्ल पिअर्सन यांच्या हाताखाली. दुसरी रोथमस्टेड नावाच्या शेती संशोधन केंद्रात. फिशरनी शेती निवडली.

रोथमस्टेडला 1843 पासून खतांचे प्रयोग सुरू होते. कुठल्या वाफ्यात कोणतं खत टाकलं, किती गहू आला, पाऊस किती पडला, सगळ्याच्या नोंदी होत्या. पण त्यातून नक्की काय सिद्ध होतं, हे सांगणारं कोणी नव्हतं. एका वाफ्यात गहू जास्त आला तर ते खतामुळे, की तिथली माती मुळातच चांगली होती म्हणून?

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हा प्रश्न वेगळा समजावून सांगायची गरज नाही. एकाच शिवारात बांधाच्या अलीकडे एक पीक आणि पलीकडे दुसरंच, हे त्याला माहीत असतं.

फिशरनी साठहून अधिक वर्षांचे गव्हाचे आकडे घेतले आणि त्यातले तीन बदल वेगळे काढले. दरवर्षी हवामानाने होणारा चढउतार, मातीचा कस हळूहळू कमी होण्याचा परिणाम आणि या दोन्हींत न बसणारा एक संथ बदल. या तिसऱ्या बदलासाठी त्यांचा संशय तणावर होता. आज नदीचं पाणी किंवा शहरातली हवा खरंच बिघडतेय की यंदाचं वर्षच तसं होतं, हे शोधताना अभ्यासक हीच फोड करतात.

जुन्या आकड्यांवर मात्र त्यांचं समाधान झालं नाही. त्यांचं म्हणणं होतं की प्रयोगच नीट आखला पाहिजे. कुठल्या वाफ्यात कोणतं खत जाईल हे माणसाने न ठरवता चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. म्हणजे चांगली माती ठरवून एकाच खताच्या वाट्याला येणार नाही.

याच रोथमस्टेडमधला चहाचा किस्सा फार प्रसिद्ध आहे. म्युरिएल ब्रिस्टल या शेवाळाच्या अभ्यासक. फिशरनी त्यांना चहा दिला तर बाईंनी नको म्हटलं. कारण काय, तर कपात आधी दूध घातलेलं त्यांना आवडायचं आणि या कपात आधी चहा ओतला होता. चवीवरून हे कळतं, असा त्यांचा दावा होता.

दुसरा कोणी असता तर हसून सोडून दिलं असतं. फिशरनी त्यातून प्रयोग उभा केला. आठ कप घ्यायचे. चारात आधी दूध, चारात आधी चहा. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा. बाईंनी चव घेऊन आधी दूध घातलेले चार कप ओळखायचे.

आता गणित बघा. आठातून चार कप निवडायचे 70 प्रकार आहेत. म्हणजे काहीच कळत नसताना नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता 70 मध्ये 1, साधारण 1.4 टक्के. तिथे योगायोग म्हणणं अवघड जातं. पण चारातले तीनच बरोबर आले तर? तीन किंवा त्याहून जास्त नशिबाने बरोबर येण्याची शक्यता 70 मध्ये 17, म्हणजे तब्बल 24 टक्के. तेवढ्यावर दावा मान्य करता येत नाही.

1935 च्या पुस्तकात फिशरनी हा प्रयोग सविस्तर मांडला, पण बाईंचं नाव दिलं नाही आणि निकालही सांगितला नाही. त्यांना चहाशी नाही, पद्धतीशी मतलब होता.

5 टक्क्यांची रेघ त्याआधीच, 1925 च्या त्यांच्या पुस्तकातून पसरली होती. औषधाचा काहीच परिणाम नसता, तरी नुसत्या योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती? ती 20 मध्ये 1 पेक्षा कमी असेल तर निकाल लक्षणीय धरायचा. 20 च का? सोयीचं पडतं म्हणून. त्यामागे निसर्गाचा कुठलाही नियम नाही. फिशरना स्वतःला असा एक निकाल म्हणजे पुरावा वाटतच नव्हता. चांगला आखलेला प्रयोग पुन्हा पुन्हा केला आणि तो क्वचितच फसला, तरच गोष्ट सिद्ध झाली, असं ते मानत. लोकांनी आकडा उचलला, ही अट राहून गेली.

याचा परिणाम काय होतो? समजा ब्लड प्रेशरच्या गोळीची चाचणी 20 हजार लोकांवर घेतली आणि प्रेशर सरासरी फक्त 1 अंकाने उतरलं. लोक इतके जास्त आहेत की हा फरक सहज लक्षणीय ठरेल. रुग्णाला त्याचा उपयोग जवळपास शून्य. उलट 12 लोकांच्या चाचणीत 8 अंकांचा फरक पडला तरी तो लक्षणीय ठरणार नाही, मग बातमी होते की औषध निकामी.

अजून एक गंमत. परिणाम नसलेल्या 20 वेगवेगळ्या गोष्टी तपासल्या, तर त्यातली किमान एक तरी योगायोगाने लक्षणीय निघण्याची शक्यता 64 टक्के असते. बाकीच्या 19 बद्दल बातमी येत नाही.

1933 मध्ये फिशर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आले. कार्ल पिअर्सन निवृत्त झाले होते आणि त्यांच्या विभागाचे दोन तुकडे झाले, एक फिशरकडे, दुसरा पिअर्सन यांचा मुलगा इगॉनकडे. दोन्ही गटांचं इतकं फाटलं की चहाच्या वेळासुद्धा वेगळ्या होत्या. साताऱ्याच्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे त्याच काळात तिथे शिकले. फिशर भारतातही अनेकदा आले. महालनोबिस यांच्याशी त्यांची मैत्री होती आणि सी. आर. राव यांनी केंब्रिजमध्ये त्यांच्याच मार्गदर्शनाखाली पीएचडी केली.

चिठ्ठ्या टाकायची कल्पना वैद्यकात नेली ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी. 1948 मध्ये 107 क्षयरुग्णांवरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचे निकाल आले. कोणाला औषध द्यायचं हे डॉक्टरने नाही, चिठ्ठीने ठरवलं होतं.

याच हिल यांनी रिचर्ड डॉल यांच्यासोबत 1950 मध्ये सिगरेट आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचा संबंध दाखवला. आणि विरोधात उभे राहिले कोण? फिशर.

त्यांचा मुद्दा बिनडोक नव्हता. लोकांना चिठ्ठ्या टाकून सिगरेट ओढायला लावता येत नाही. मग सिगरेटची सवय आणि कॅन्सर, दोन्ही एखाद्या जनुकामुळे होत नसतील कशावरून? जुळ्या भावंडांचे आकडे त्यांनी मांडले. डॉल-हिल यांच्या अभ्यासात धूर आत ओढणाऱ्यांचं प्रमाण रुग्णांमध्ये उलट कमी दिसतं, हेही दाखवलं.

पण ते स्वतः पाइप ओढायचे आणि तंबाखू कंपन्यांच्या समितीचे सल्लागारही होते. समोर पुरावे वाढत गेले तरी ते हलले नाहीत. 1959 मध्ये अमेरिकेत जेरोम कॉर्नफिल्ड आणि सहकाऱ्यांनी हिशोब मांडला. सिगरेट ओढणाऱ्यांना धोका नऊपट असेल आणि तो छुप्या जनुकामुळे असेल, तर ते जनुकही त्यांच्यात किमान नऊपट जास्त आढळलं पाहिजे. असं काही कोणाला सापडलं नव्हतं. इथे नुसतं 5 टक्के कामाला आलं नाही, फरक किती मोठा आहे हे कामाला आलं.

मार्च 1962 मध्ये ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने सिगरेटविरोधात अहवाल काढला. 29 जुलै 1962 ला ऑस्ट्रेलियात ॲडलेड इथे, आतड्याच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर फिशर गेले.

त्यांच्यावरचा दुसरा डाग सुप्रजननवादाचा. माणसांमध्येही चांगली पैदास वाढवावी असं मानणाऱ्या या चळवळीचे ते तरुणपणापासून समर्थक होते. केंब्रिजमधल्या त्यांच्या कॉलेजने त्यांच्या स्मरणार्थ रंगीत काचेची खिडकी बसवली होती, प्रयोगातल्या वाफ्यांच्या मांडणीचं चित्र असलेली. ती काढायचा निर्णय 2020 मध्ये झाला.

5 टक्क्यांच्या रेघेवरही वाद पेटला आहे. 2016 मध्ये अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने निवेदन काढून सांगितलं की फक्त या रेघेवरून निष्कर्ष काढू नका. 2019 मध्ये 'नेचर'मधल्या एका लेखाला 800 हून जास्त संशोधकांनी पाठिंबा दिला. 'सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय' हा शब्दच वापरणं बंद करा, अशी त्यांची मागणी होती. फरक किती पडला आणि तो कमीत कमी किती ते जास्तीत जास्त किती असू शकतो, हे आकड्यात लिहा, असा आग्रह आता अनेक वैद्यकीय जर्नल धरतात.