विश्लेषण : हिमालयातील चीड हटवा, असे मीराबेन का सांगत होत्या?

गांधीजींची इंग्रज शिष्या, एवढीच मीराबेन यांची ओळख बहुतेकांना असते. रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’ चित्रपटात खादीची साडी नेसलेली, गांधीजींच्या मागेपुढे असणारी परदेशी स्त्री आठवत असेल, तर त्या याच. मात्र त्यांच्या आयुष्याचा एक मोठा तुकडा या ओळखीत बसत नाही. पन्नाशी उलटल्यानंतर त्या गढवालच्या डोंगरात जाऊन राहिल्या आणि गंगेला दरवर्षी येणारा पूर नेमका कुठून सुरू होतो, याचा माग काढत बसल्या. चिपको आंदोलन त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी झाले. हिमालयात आज दरड कोसळली किंवा ढगफुटी झाली की वृक्षतोडीची चर्चा सुरू होते. मीराबेन यांचे निदान या चर्चेपेक्षा वेगळे होते. त्यातले किती आज टिकते, हेही तपासून पाहण्याजोगे आहे.

मॅडेलिन स्लेड यांच्या मीराबेन कशा झाल्या?

२२ नोव्हेंबर १८९२ रोजी इंग्लंडमध्ये जन्मलेल्या मॅडेलिन स्लेड या नौदल अधिकाऱ्याच्या कन्या. वडील बहुधा समुद्रावर, त्यामुळे त्यांचे बालपण मुख्यतः आजोळी, सरे परगण्यातील शेतवाडीवर गेले. घोडे, गाई, झाडे यांच्यात रमणारी ही मुलगी होती. वडील ब्रिटिश नौदलाच्या ईस्ट इंडीज विभागाचे प्रमुख झाले, तेव्हा किशोरवयात त्या काही काळ मुंबईतही राहिल्या. पण मेजवान्या आणि नाचगाण्यांच्या त्या मुंबईत त्यांना हिंदुस्थान काही दिसला नाही.

बीथोवनच्या संगीताचे त्यांना वेड होते. त्या वेडापायी त्या फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांच्यापर्यंत पोहोचल्या आणि रोलाँ यांनी लिहिलेल्या चरित्रातून गांधीजींपर्यंत. लगेच बोटीत न बसता त्यांनी वर्षभर तयारी केली. मांसाहार आणि मद्य सोडले, सूतकताई शिकल्या, जमिनीवर बसण्या-झोपण्याची सवय केली. ६ नोव्हेंबर १९२५ रोजी त्या मुंबई बंदरात उतरल्या आणि दुसऱ्या दिवशी साबरमतीला पोहोचल्या. ‘मीरा’ हे नाव गांधीजींनी दिले.

महाराष्ट्राशी त्यांचे नाते मुंबईपुरते नाही. वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, गांधीजी १९३६ मध्ये राहायला गेले, त्याआधीपासून मीराबेन तिथे होत्या. ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजींबरोबर त्यांनाही अटक होऊन पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवण्यात आले. महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा, दोघांचेही मृत्यू त्यांनी तिथे पाहिले. मे १९४४ मध्ये सुटका झाली. त्यानंतर त्या गांधीजींच्या सावलीतून बाजूला होऊन उत्तरेकडे निघाल्या, आणि आपला विषय खरा तिथून सुरू होतो.

पुराचा माग काढत त्या डोंगरात कशा गेल्या?

रुडकी-हरिद्वार भागात त्यांनी किसान आश्रम उभारला. संयुक्त प्रांताच्या सरकारने त्यांना अधिक धान्य पिकवा मोहिमेत सल्लागार म्हणून घेतले. सरकारी कामाची गती पाहून त्या लवकरच कंटाळल्या. मग ऋषिकेशजवळ, गंगेच्या काठी, त्यांनी ‘पशुलोक’ वसवले. भाकड आणि म्हाताऱ्या जनावरांची नीट व्यवस्था लावायची, हा मूळ हेतू. ऋषिकेशच्या या भागाचे नाव आजही पशुलोकच आहे. तिथला गंगेवरचा बंधाराही त्याच नावाने ओळखला जातो.

पशुलोकात पावसाळ्यात गंगा फुगली की पाणी गढूळ आणि बेभान होऊन येई. सोबत झाडांचे ओंडके, माती, मेलेली जनावरे. हे दरवर्षी घडत होते आणि दरवर्षी वाढत आहे, असे त्यांना दिसले. पूर मैदानात दिसत असला तरी तयार होतो वर, डोंगरात, हे शेतकऱ्याच्या नजरेला कळायला वेळ लागला नाही. म्हणून त्या वर गेल्या. टिहरी संस्थान १९४९ मध्ये विलीन झाले होते. तिथल्या भिलंगना नदीच्या खोऱ्यात त्यांनी ‘गोपाल आश्रम’ सुरू केला. पायवाटेने जायचे, घोड्यावर सामान लादायचे आणि उरलेल्या वेळात उतार, झरे, गवत आणि झाडे पाहायची. त्या वनशास्त्र शिकलेल्या नव्हत्या. आजच्या भाषेत सांगायचे तर त्यांच्याकडे विदा नव्हती. होती ती निरीक्षणाची चिकाटी आणि गावकऱ्यांशी बोलण्याची सवय.

त्यांना नेमके काय सापडले?

डोंगर उघडे पडत आहेत, हे तर दिसतच होते. पण काही उतारांवर झाडे भरपूर होती आणि तरीही पाणी थांबत नव्हते. हे का, या प्रश्नाचे उत्तर त्यांना झाडाच्या जातीत मिळाले.

मध्य हिमालयात साधारण १२०० ते २३०० मीटर उंचीवर बांज वाढतो. हा ओकचा एक प्रकार. रुंद पानांचा, सदाहरित, सावकाश वाढणारा. त्याच्याखाली पालापाचोळा कुजून काळ्या मातीचा जाड थर होतो. त्यात नेचे, झुडपे, गवत उगवते आणि पावसाचे पाणी या थरात मुरत जाते. बांजच्या रानाखाली झरा बारमाही असतो, हे पहाडी माणसाला सांगावे लागत नाही. बांजची पाने जनावरांना चारा, फांद्या सरपण, लाकूड नांगराला. गावाचे निम्मे अर्थकारण या एका झाडावर चाले.

चीड म्हणजे लांब सुयांसारख्या पानांचा पाइन. उंची साधारण ५०० ते २००० मीटर, म्हणजे बांजच्या खालच्या पट्ट्यात दोघांची गाठ पडते. चीडच्या वाळक्या सुया, स्थानिक भाषेत पिरूल, लवकर कुजत नाहीत. त्यांची गादी पसरते, खाली फारसे काही उगवत नाही आणि उन्हाळ्यात ती भडाभडा पेटते. जाड सालीचा मोठा चीड वणव्यातून वाचतो, बांजची रोपे जळून जातात. पंख असलेले चीडचे बी वाऱ्याने दूर जाते आणि उघड्या, उन्हाच्या जागी सहज रुजते. बांजच्या रोपाला मात्र सावली आणि ओल लागते. थोडक्यात, बांजचे रान एकदा विरळ झाले की ती जागा चीड घेतो.

मीराबेन यांनी जोडलेली साखळी अशी : बांज हटतो, चीड वर सरकतो, मातीचा स्पंज जातो, पाणी उतारावरून सुसाट खाली येते, सोबत माती आणते, आणि ऋषिकेशला गंगा गढूळ होते. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी हे लेखातून मांडले आणि पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्यापर्यंतही नेले. विशिष्ट उंचीवरून चीड काढून टाका, तिथे बांज परत आणा, उरलेला बांज सांभाळा, हा त्यांचा आग्रह होता. झाडे लावा असे सांगणारे पुष्कळ असतात. अमुक झाडे कमी करा असे डोंगरावर प्रेम करणाऱ्या माणसाने सांगणे विरळाच.

बांज हटला, त्याचा दोष कुणाचा?

इथे मीराबेन यांनी कुणाचीच बाजू घेतली नाही. गावकरी चाऱ्यासाठी आणि सरपणासाठी बांज इतका ओरबाडतात की शेवटी खुंटच उरतो, हे त्यांनी स्पष्ट लिहिले. पण गावकरी असे का वागू लागले, याचे उत्तर वनखात्याच्या हिशेबात होते. ब्रिटिशांना रेल्वेच्या स्लीपरसाठी लाकूड हवे होते. आधी देवदार तोडला, नंतर प्रक्रिया केलेला चीडही चालू लागला. चीडच्या खोडाला खाच पाडून काढलेला डिंक, ज्याला तिकडे लिसा म्हणतात, त्यातून राळ आणि टर्पेंटाइन मिळे. म्हणजे चीड हे पैसे देणारे झाड ठरले आणि बांजला खात्याच्या लेखी किंमत उरली नाही. १९११ ते १९१७ या काळात कुमाऊंमधील मोठी रानसंपत्ती राखीव झाली आणि गावाचा हक्क आक्रसला. जे रान आपले नाही ते राखायचे कशासाठी, ही भावना तिथून आली.

गावकऱ्यांना दोन झाडांतला फरक कळत होता, याचा पुरावाही आहे. १९२१ मध्ये कुमाऊंत वनकायद्यांविरुद्ध असंतोष उसळला आणि जंगलांना आगी लावण्यात आल्या. त्या मुख्यतः चीडच्या रानांना आणि लिशाच्या साठ्यांना. रुंदपर्णी रानांना लोकांनी हात लावला नाही, हे इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी दाखवून दिले आहे. त्यामुळेच खाते आणि गावे एकत्र आल्याशिवाय बांज परत येणार नाही, असे मीराबेन यांचे मत होते. ते प्रत्यक्षात आले नाही.

विज्ञान त्यांच्या बाजूने आहे का?

बऱ्याच अंशी आहे, पूर्णपणे नाही. नैनीतालच्या कुमाऊं विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात बांज आणि चीड यांचा बारकाईने अभ्यास केला. चीडच्या सुया कुजताना मातीतील नायट्रोजन अडकवून ठेवतात, त्यामुळे बांजला पुन्हा पाय रोवणे कठीण जाते, हे त्यातून पुढे आले. चीड आपली जागा पक्की करतो, हे मीराबेन यांचे निरीक्षण त्यामुळे बळकट झाले.

त्याच काळातील अभ्यासातून दुसरी गोष्टही दिसली. जंगलाचे छत्र दाट असेल तर, मग ते बांजचे असो वा चीडचे, पृष्ठभागावरून थेट वाहून जाणारे पाणी थोडेच असते. बहुतेक पाणी जमिनीखालून झिरपते. म्हणजे चीड दिसला की पूर आला, असे सरळ समीकरण मांडता येत नाही. जळालेले, चरलेले, विरळ झालेले रान ही खरी अडचण आहे, आणि चीडची राने वणव्यामुळे त्या अवस्थेला लवकर जातात.

मोठ्या पुरांबाबत तर आणखी सावध राहावे लागते. १९८९ मध्ये जॅक आइव्हज आणि ब्रुनो मेसर्ली या भूगोलतज्ज्ञांनी, डोंगरातील वृक्षतोड आणि मैदानातील महापूर यांचा थेट संबंध जोडण्याला आव्हान दिले. हिमालय तरुण पर्वत आहे, तो अजून उंचावतो आहे, त्याचा खडक भंगलेला आहे. अतिवृष्टी झाली की जंगल असले तरी माती संपृक्त होते आणि दरड कोसळते. लहान आणि मध्यम पुरांवर, उथळ भूस्खलनावर, झऱ्यांच्या पाण्यावर जंगलाचा परिणाम मोठा. महापुरावर तो मर्यादित. २०१३ मध्ये केदारनाथवर चोराबारी सरोवर फुटून आलेला लोंढा किंवा ७ फेब्रुवारी २०२१ रोजी रौंटी शिखराचा कडा बर्फासह कोसळून ऋषिगंगेत झालेला हाहाकार, यांना बांजचे कोणतेही रान अडवू शकले नसते. ही सुरुवातच वृक्षरेषेच्या वर झाली होती. प्रत्येक आपत्तीचे खापर झाडांवर फोडले की नदीपात्रातील बांधकामे आणि उभे कापलेले रस्ते सुटून जातात, हे इथे नोंदवायला हवे.

झऱ्यांचे मात्र तसे नाही. हिमालयातील जवळपास निम्मे झरे आटले आहेत किंवा आटत आहेत, असे नीती आयोगाच्या २०१८च्या अहवालात म्हटले आहे. पाऊस कमी दिवसांत आणि जोरात पडू लागला असताना, तो मुरवून ठेवणारी जमीन असणे हाच डोंगरातल्या गावाचा विमा. बांजबद्दलचे मीराबेन यांचे म्हणणे या ठिकाणी सर्वात जास्त लागू पडते.

पुढे काय झाले?

डोंगरात त्या फार वर्षे टिकल्या नाहीत. काश्मीरमध्येही गोपालनाचा एक प्रयोग करून पाहिला. स्वतंत्र भारताचे सरकार मोठी धरणे आणि कारखाने यांच्याकडे निघाले होते आणि आपले म्हणणे कुणाच्या कामाचे नाही, हे त्यांना कळून चुकले. जानेवारी १९५९ मध्ये त्यांनी भारत सोडला आणि पुढे ऑस्ट्रियात, व्हिएन्नाच्या परिसरात, बीथोवनच्या सान्निध्यात राहिल्या. २० जुलै १९८२ रोजी त्यांचे निधन झाले. ॲटनबरोंचा चित्रपट त्यानंतर काही महिन्यांनी पडद्यावर आला.

भिलंगना खोऱ्यातच सिल्यारा येथे सुंदरलाल आणि विमला बहुगुणा यांनी १९५६ मध्ये आश्रम सुरू केला. पुढे चिपको आंदोलनात बहुगुणा पुढे आले. भागीरथी आणि भिलंगना यांच्या संगमाजवळ टिहरी धरण झाले, तेव्हा त्या खोऱ्याचा खालचा भाग पाण्याखाली गेला.

चिपकोच्या दबावामुळे १९८१ मध्ये उत्तर प्रदेशच्या डोंगराळ भागात १००० मीटरच्या वर हिरवी झाडे तोडण्यास बंदी आली. त्या बंदीने पुष्कळ राने वाचवली. मात्र बांजच्या पट्ट्यात घुसलेला चीडही तिच्यामुळे सुरक्षित झाला. त्यामुळे ही अट शिथिल करावी, असे उत्तराखंडमधील काही वनाधिकारी सांगतात, तर एकदा कुऱ्हाडीला वाट दिली की ती चीडवर थांबणार नाही, अशी भीती कार्यकर्त्यांना वाटते. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. गावाच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने आणि बांजची रोपे लावूनच चीड कमी करणे हा मधला मार्ग ठरू शकतो. त्यासाठी यंत्रणा नवी उभारावी लागणार नाही. ब्रिटिश काळातच सुरू झालेल्या वनपंचायती उत्तराखंडात अकरा हजारांहून अधिक आहेत, पण त्यांच्या हाती अधिकार आणि पैसा तुटपुंजा आहे.

तोवर वणवे लागतच आहेत. जून २०२४ मध्ये बिनसर अभयारण्यातील आगीत वनकर्मचाऱ्यांचे बळी गेले. त्याच उन्हाळ्यात राज्य सरकारने गावकऱ्यांकडून पिरूल विकत घेण्याचा दर किलोला ३ रुपयांवरून ५० रुपये करण्याची घोषणा केली. रान झाडून सुया गोळा करण्याचे हे काम बहुतांशी महिलाच करतात.