अण्णा कर्वे आणि उद्या बघू

बालमित्रांनो, उद्या बघू हे दोन शब्द आपल्या सर्वांच्या घरात रोज ऐकू येतात. मराठीचा गृहपाठ उद्या, आजीला फोन उद्या, खोली आवरणे उद्या. मोठी माणसेही यात मागे नसतात. कुणाला एखादा फॉर्म भरायचा असतो, कुणाला नको असलेल्या कामाला नाही म्हणायचे असते, आणि दिवसामागून दिवस जातात. काय करावे ते ठरत नाही म्हणून आपण टाळतो, आणि टाळतो म्हणून ते कधीच ठरत नाही.

महर्षी धोंडो केशव कर्वे म्हणजे सगळ्यांचे अण्णा. त्यांनी फार मोठी कामे केली, म्हणून आपल्याला वाटते की ते जन्मतःच धीट असतील. पण तसे नव्हते. ते अतिशय लाजाळू होते. चारचौघांत बोलायचा त्यांना संकोच वाटे. अशा माणसाने अवघड निर्णय कसे घेतले, ते आज आपण पाहू.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली या गावी, आजोळी झाला. त्यांचे घर मुरुडला होते. घरची गरिबी होती. त्या वेळी सहावीची सरकारी परीक्षा द्यायला दूर जावे लागे. अण्णा मित्रांबरोबर सह्याद्रीचा घाट चढून पायी साताऱ्याला गेले. पण ते दिसायला इतके लहान होते की त्यांचे वय परीक्षेला पुरेसे नाही असे ठरवून त्यांना परत पाठवण्यात आले. एवढी पायपीट फुकट गेली. पुढच्या खेपेला त्यांनी कोल्हापूरहून तीच परीक्षा दिली आणि ते पास झाले. इंग्रजी शिक्षण उशिरा सुरू झाल्याने मॅट्रिक व्हायला त्यांना तेविसावे वर्ष लागले. १८८४ साली ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी. ए. झाले.

१८९१ साली त्यांच्या आयुष्यात दोन गोष्टी घडल्या. त्यांची पत्नी राधाबाई वारल्या, आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात ते गणिताचे प्राध्यापक झाले. आता लोक त्यांना दुसऱ्या लग्नाचा आग्रह करू लागले. त्या काळी तिशी ओलांडलेल्या विधुरालाही बारा-तेरा वर्षांची मुलगी सहज मिळे. पण एखाद्या मुलीचा नवरा वारला, तर ती दहा वर्षांची असली तरी तिने जन्मभर एकटे राहायचे, केस काढायचे, गोडधोड व सणवार विसरायचे, अशी रूढी होती. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला होता, पण समाज तो मानायला तयार नव्हता.

हे चुकीचे आहे असे म्हणणारे विद्वान पुष्कळ होते. पण म्हणणे आणि करणे यांत अंतर असते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे विधवाविवाहाचे मोठे पुरस्कर्ते. पण १८७३ साली त्यांची पत्नी वारली, तेव्हा वडिलांचे मन त्यांना मोडवेना. त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. त्यांनी तिला प्रेमाने शिकवले आणि त्याच पुढे थोर समाजसेविका रमाबाई रानडे झाल्या. तरीही आपलेच म्हणणे त्यांना पाळता आले नाही, ही टीका रानड्यांना जन्मभर ऐकावी लागली. एवढ्या मोठ्या माणसाचे असे झाले, यावरून हा निर्णय किती कठीण होता ते कळेल.

अण्णांनी ठरवले की लग्न केले तर विधवेशीच, नाही तर एकटे राहायचे. त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई लहानपणीच विधवा झाली होती. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील ती पहिली विधवा विद्यार्थिनी. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात अण्णा आणि गोदूबाई यांचा विवाह झाला. लग्नानंतर त्यांचे नाव आनंदीबाई ठेवले. पुढे सारे त्यांना बाया म्हणत.

त्याची किंमत लगेच द्यावी लागली. मुरुडकरांनी अण्णांना वाळीत टाकले, म्हणजे त्यांच्याशी सर्व व्यवहार तोडले. आई आणि भाऊ यांनाही त्यांना घरात घेता येईना. ज्या आईला दुखवायचे नव्हते, तीच दुखावली गेली. निर्णय योग्य असला तरी तो सुखाचा असतोच असे नाही, हे पालकांनीही मुलांना सांगायला हवे.

अण्णा तिथेच थांबले नाहीत. प्रत्येक विधवेचे लग्न होईलच असे नाही. तिला आधी शिक्षण व आधार हवा, हे त्यांच्या ध्यानात आले. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० साली तो पुण्याजवळ हिंगण्याला एका साध्या झोपडीत नेला. दिवसभर कॉलेजात शिकवायचे आणि मग पायी हिंगण्याला जायचे, असा त्यांचा क्रम होता. आश्रमासाठी पैसा लागे. म्हणून हा लाजाळू माणूस सुट्टी लागली की गावोगाव फिरून वर्गणी मागू लागला. संकोच गेला की मग काम करू, असे ते म्हणत बसले नाहीत. काम करता करताच संकोच कमी झाला.

आता गंमत ऐका. अण्णांनीही एक गोष्ट बाजूला ठेवली होती! जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्याकडे आली. आपल्याकडे हे कुठले व्हायला, असे वाटून त्यांनी ती ठेवून दिली. १९१५ साली मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. भाषणाची तयारी करताना ती पुस्तिका त्यांनी पुन्हा काढली, आणि स्त्रियांसाठी वेगळे विद्यापीठ काढण्याची कल्पना परिषदेत मांडली. तेव्हा ते सत्तावन्न वर्षांचे होते आणि कॉलेजातून निवृत्तही झाले होते. पुढच्याच वर्षी, १९१६ साली, मूठभर विद्यार्थिनींना घेऊन विद्यापीठ सुरू झाले. तिथे मातृभाषेतून शिकवत. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली. त्यांच्या मातोश्रींच्या नावाने ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी म्हणजेच एस.एन.डी.टी. विद्यापीठ म्हणून ओळखले जाते.

परदेशी राहणाऱ्या आपल्याला आणखी एक गोष्ट जवळची वाटेल. बायांची बहीण पार्वतीबाई आठवले याही विधवा होत्या. आश्रमाच्या कामासाठी, इंग्रजी जेमतेम येत असताना, त्या १९१८ साली एकट्या अमेरिकेला गेल्या आणि लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. स्वतः अण्णा एकाहत्तराव्या वर्षी जगप्रवासाला निघाले आणि विद्यापीठाची माहिती सांगत युरोप, अमेरिका व जपानमध्ये फिरले.

१९५८ साली, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न किताब मिळाला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या एकशे पाचव्या वर्षी ते वारले.

मुलांनो, अण्णांना भीती वाटत नव्हती असे नाही. पण निर्णय पक्का झाला की ते लगेच पहिले पाऊल उचलत: एका मित्राशी बोलणे, एक झोपडी, एका दारावर जाऊन वर्गणी मागणे. तुमच्याही टेबलावर अशी एखादी बाजूला ठेवलेली पुस्तिका असेल. आई-बाबांच्याही कपाटात असेल. या शनिवारी ती सर्वांनी मिळून बाहेर काढा, आणि त्यातले एकच छोटे काम जेवायच्या आधी करून टाका.