ग्रेस हॉपर : कॉम्प्युटरला माणसाची भाषा शिकवणारी गणिताची प्राध्यापिका

फोटोतली बॅकग्राउंड काढणारं किंवा आपलं बोलणं टाइप करून देणारं एआय मॉडेल बहुतेक वेळा पायटॉर्च, टेन्सरफ्लो अशा ओपन सोर्स फ्रेमवर्कमध्ये तयार होतं. मी रोज पायटॉर्च वापरतो. मी लिहितो पायथनमध्ये, पण जड गणित करतो आतला सी प्लस प्लसचा कोड. तो मला उघडावाही लागत नाही. माणसाने सोयीच्या भाषेत लिहायचं आणि मशीनच्या भाषेत रूपांतर मशीननेच करायचं, ही कल्पना लोकांच्या गळी उतरवण्यात ग्रेस हॉपर यांचा फार मोठा वाटा आहे. त्यांचीच ही गोष्ट.

वर्गातून थेट नौदलात

हॉपर यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्कचा. लहानपणी आतलं यंत्र बघायला त्यांनी घरातली अलार्मची घड्याळं खोलून ठेवली होती. १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितात पीएचडी केली आणि व्हॅसर कॉलेजात त्या शिकवत राहिल्या. दुसऱ्या महायुद्धात त्यांना नौदलात जायचं होतं. वय जास्त, वजन कमी! तरीही खास सवलत मिळवून १९४३ मध्ये त्या भरती झाल्याच.

१९४४ मध्ये पोस्टिंग मिळालं हार्वर्डला, मार्क वन या कॉम्प्युटरवर. हे धूड जवळपास १५ मीटर लांब होतं आणि त्याला सूचना द्यायच्या त्या कागदी पट्टीवर भोकं पाडून. या मशीनचं ५०० हून जास्त पानांचं मॅन्युअल मुख्यतः हॉपर यांनी लिहिलं. म्हणजे मशीन वापरणाऱ्याला समजलं पाहिजे, हा विचार तिथपासूनच सुरू झाला.

वहीतून कॉपी करण्याचा वैताग

त्या काळी एखादं गणित पुन्हा लागलं की प्रोग्रामर जुना कोड वहीतून हाताने उतरवून घ्यायचे. त्यातले पत्तेही नव्या प्रोग्रामप्रमाणे बदलावे लागायचे. उतरवताना एक आकडा चुकला की सगळं बिघडलं. हॉपर यांच्या लक्षात आलं, की हे काम माणसापेक्षा मशीन चांगलं करेल.

१९४९ मध्ये त्या युनिव्हॅक बनवणाऱ्या कंपनीत गेल्या आणि १९५२ मध्ये त्यांचा ए-० तयार झाला. नेहमीची गणितं टेपवर साठवायची, प्रत्येकाला नंबर द्यायचा. प्रोग्रामरने फक्त नंबर लिहायचे, बाकी जोडाजोड कॉम्प्युटर करणार. याला त्यांनी कंपायलर म्हटलं. आजच्या भाषेत हे काम लिंकरच्या जास्त जवळचं आहे, पण सुरुवात इथली. कॉम्प्युटर फक्त आकडेमोड करतो, प्रोग्राम कसा लिहील, असं म्हणत बऱ्याच जणांनी तेव्हा विश्वासच ठेवला नाही.

पुढची आवृत्ती ए-२. १९५३ च्या अखेरीस ती ग्राहकांना सोर्स कोडसकट दिली गेली आणि सुधारणा केल्या तर परत पाठवा असंही सांगितलं गेलं. ओळखीचं वाटतंय ना? आपण आज गिटहबवर वेगळं काय करतो!

फ्रेंच आणि जर्मनचा प्रयोग

हिशेब, पगार, स्टॉक बघणाऱ्या लोकांना गणिती चिन्हं नकोशी वाटायची. मग इंग्रजी शब्दांतच आज्ञा लिहू द्या, असा हॉपर यांचा आग्रह होता. कॉम्प्युटरला इंग्रजी कळत नाही, हे उत्तर त्यांना पुन्हा पुन्हा मिळालं. त्यांनी छोटा नमुना बनवून दाखवला, आणि तोच प्रोग्राम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवला. मशीनच्या दृष्टीने शब्द म्हणजे नुसती खूण, भाषा कुठलीही चालेल, एवढंच त्यांना सांगायचं होतं. पण अमेरिकन कॉम्प्युटर फ्रेंच-जर्मन कसा समजेल म्हणून साहेब लोकच बिथरले! शेवटी इंग्रजीवरच काम पुढे नेलं गेलं. त्यातून फ्लो-मॅटिक आली, आणि तिच्या आधारावर १९५९ पासून एका समितीने कोबॉल घडवली. हॉपर या कामात सल्लागार होत्या.

आजच्या फ्रेमवर्कमध्ये हॉपर

हाच धडा मशीन लर्निंगवाल्यांनी पुन्हा गिरवला. जुना टॉर्च फ्रेमवर्क लुआ भाषेत वापरावा लागायचा. चांगला होता, पण लुआ येणारे मोजकेच. २०१७ मध्ये तीच ताकद पायथनमध्ये देणारा पायटॉर्च आला आणि संशोधकांनी तो उचलून धरला. टेन्सरफ्लोमध्ये पायथन आधीपासून होती, पण आधी पूर्ण आराखडा बांधा, मग चालवा, अशी पद्धत होती. चूक नेमकी कुठे झाली ते शोधताना जीव जायचा. २०१९ च्या टेन्सरफ्लो २.० मध्ये कोड ओळीओळीने चालणं हीच नेहमीची पद्धत झाली. उलट, स्विफ्ट भाषेतला टेन्सरफ्लो प्रकल्प २०२१ मध्ये थांबला. भाषा उत्तम होती, पण माणसं आणि लायब्ररी पायथनकडे होत्या. थोडक्यात, टूलने माणसाकडे यायचं, माणसाने टूलकडे नाही.

हॉपर १९८६ मध्ये ७९ व्या वर्षी रिअर अ‍ॅडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. एक नॅनोसेकंद म्हणजे किती हे दाखवायला त्या भाषणांत सुमारे ३० सेंटिमीटर लांब वायरचे तुकडे वाटायच्या. तेवढ्या वेळात प्रकाश तेवढंच अंतर कापतो. १ जानेवारी १९९२ ला त्यांचं निधन झालं. मोठी एआय मॉडेल्स ज्या एच१०० चिपवर शिकवली जातात, त्या चिपच्या रचनेला एन्व्हिडियाने २०२२ मध्ये हॉपर हेच नाव दिलं.

आता आपल्यापुरतं. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलला ‘किंमत’ किंवा ‘वजन’ असं देवनागरी नाव देता येतं. फोनवरच्या पायथन ॲपमध्ये करून बघा. इफ, फॉर, इम्पोर्ट मात्र इंग्रजीतच लिहावे लागतात. मशीनला दुसऱ्या भाषेचं वावडं नाही, हे हॉपर यांनी सत्तर वर्षांपूर्वीच दाखवलं होतं. त्यामुळे मराठीतून शिकलेल्या मुलाला प्रोग्रामिंग अवघड वाटलं, तर त्याला कॉम्प्युटर जमत नाही असं समजू नका. दार कुठल्या भाषेत उघडायचं हे माणसं ठरवतात, आणि ओपन सोर्समध्ये ती माणसं आपणही असू शकतो.