लुसी विल्स

डॉ. लुसी विल्स (१० मे, १८८८ - एप्रिल, १९६४) या इंग्लिश रक्तविज्ञानतज्ज्ञ होत. गरोदर स्त्रियांच्या एका प्राणघातक रक्तक्षयावर यीस्टच्या अर्काने उतार पडतो, हे त्यांनी भारतात, मुख्यतः मुंबईत, केलेल्या संशोधनातून दिसून आले. अर्कातील त्या अज्ञात द्रव्याला वैद्यकीय वाङ्मयात विल्स घटक असे नाव पडले. पुढे ते द्रव्य फोलेट, म्हणजेच ब-९ जीवनसत्त्व, असल्याचे निष्पन्न झाले.

प्रारंभीचे जीवन

विल्स यांचा जन्म बर्मिंगहॅमजवळील सटन कोल्डफील्ड येथे झाला. चेल्टनहॅम लेडीज कॉलेजमधील शिक्षणानंतर त्यांनी केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात वनस्पतिशास्त्र व भूशास्त्राचा अभ्यास केला आणि १९११ मध्ये अंतिम परीक्षा दिली. स्त्रियांना पूर्ण पदवी देण्याची प्रथा केंब्रिजमध्ये तेव्हा नव्हती. त्याच वर्षी वडील व १९१३ मध्ये बहीण निवर्तली. १९१४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत असताना महायुद्ध सुरू झाले आणि केपटाउन येथे त्यांनी काही आठवडे परिचारिकेचे काम केले. मायदेशी परतल्यावर जानेवारी १९१५ मध्ये त्यांनी लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय विद्यालयात प्रवेश घेतला. १९२० मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्या डॉक्टर झाल्या. या विद्यालयाचा भारताशी निकटचा संबंध होता. मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या पुढे प्रमुख झालेल्या डॉ. जेरुशा झिराड याही तेथेच शिकल्या. विल्स यांनी स्वतंत्र व्यवसाय न करता रॉयल फ्री रुग्णालयात संशोधन व अध्यापन पत्करले.

मुंबईतील संशोधन

मातामृत्यूंच्या चौकशीचे काम करणाऱ्या डॉ. मार्गारेट बॅल्फर यांच्या निमंत्रणावरून विल्स १९२८ मध्ये मुंबईस आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांचे काम चाले. मुंबईतील गरीब स्त्रियांमध्ये, त्यांतही कापडगिरण्यांत राबणाऱ्यांमध्ये, गरोदरपणी तीव्र रक्तक्षय आढळे. त्यात रक्तातील तांबड्या पेशींची संख्या घटे आणि उरलेल्या पेशी प्रमाणाबाहेर मोठ्या होत. बाह्यतः हा विकार पर्निशस ॲनिमिया या घातक रक्तक्षयासारखा दिसे, पण मज्जासंस्थेची हानी मात्र त्यात आढळत नसे. हा फरकच पुढे निर्णायक ठरला.

रोगाचे मूळ संसर्गात आहे की अन्नात, हा प्रश्न तेव्हा खुला होता. विल्स यांनी एस. एन. तळपदे यांच्यासह मुंबईतील स्त्रियांचा आहार आणि राहणीतील स्वच्छता या दोहोंची पाहणी केली. ती १९३० मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांचा आहार सर्वांत निकृष्ट होता, त्या गरीब मुसलमान स्त्रियांनाच हा विकार सर्वाधिक होत असल्याचे त्यांना दिसले. तसाच आहार पांढऱ्या उंदरांना दिला असता त्यांनाही रक्तक्षय झाला आणि यीस्ट दिल्यावर तो टळला. मात्र उंदरांच्या रक्तक्षयाला उवांमार्फत पसरणारा बार्टोनेला हा जंतूही काही अंशी कारणीभूत असल्याचे नंतर कळले. त्यामुळे उंदरांवरील प्रयोगांचा पुरावा दुबळा ठरला आणि माकडांवरील प्रयोगांना महत्त्व आले. अशक्त झालेल्या एका माकडाला मार्माइट हा यीस्टचा अर्क देताच त्याची प्रकृती आश्चर्यकारक रीतीने सुधारली. मार्माइट हे मद्यनिर्मितीतील उरलेल्या यीस्टपासून बनणारे स्वस्त खाद्य आहे. हाच अर्क रुग्ण स्त्रियांना दिल्यावर त्यांच्या रक्तात झपाट्याने सुधारणा झाली. हे निष्कर्ष १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले.

कुन्नूर येथील पाश्चर संस्था आणि मद्रासमधील रुग्णालय येथेही त्यांनी काम केले. १९३३ मध्ये त्या लंडनला परतल्या. १९३७ मध्ये हाफकिन संस्थेतील अल्प मुक्कामासाठी त्या पुन्हा भारतात आल्या; या वेळी साउदॅम्प्टनहून कराचीपर्यंतचा प्रवास त्यांनी समुद्री विमानाने पाच दिवसांत केला.

विल्स घटक

पर्निशस ॲनिमियावर शुद्ध केलेला यकृताचा अर्क गुणकारी ठरे. विल्स यांच्या रुग्णांना व माकडांना त्याचा उपयोग होत नसे, पण अशुद्ध, म्हणजे कमी प्रक्रिया केलेल्या, यकृत-अर्काने गुण येई. शुद्धीकरणात काहीतरी गमावले जाते आणि ते पर्निशस ॲनिमिया बरा करणाऱ्या द्रव्याहून वेगळे असते, असा अर्थ त्यांनी लावला. तो अचूक होता: शुद्ध अर्कात ब-१२ उरे, फोलेट निघून जाई. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून फॉलिक आम्ल वेगळे करण्यात आले व पानासाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याला नाव मिळाले. पुढे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालील लेडर्ली प्रयोगशाळेत त्याचे संश्लेषण झाले. नव्या नामकरणानंतर विल्स यांचे नाव पाठ्यपुस्तकांतून जवळजवळ पुसले गेले.

मुंबईतील रक्तक्षय बहुधा गरोदरपणाच्या उत्तरार्धात तीव्र होई. फोलेटचे दुसरे कार्य मात्र गर्भधारणेच्या पहिल्या चार आठवड्यांतच घडते. मेंदू व मज्जारज्जू ज्या मज्जानलिकेतून घडतात ती तेवढ्या काळात मिटते. पुष्कळदा स्त्रीला आपण गरोदर असल्याचे ठाऊकही नसते. ज्यांना पूर्वी मज्जानलिकेचा दोष असलेले मूल झाले होते, अशा स्त्रियांवरील ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या १९९१ मधील चाचणीत फॉलिक आम्लाने हा धोका ७२ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. म्हणून सर्वसाधारण स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून पहिल्या १२ आठवड्यांपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल घेण्याचा सल्ला दिला जातो. ब-१२ ची कमतरता असताना केवळ फॉलिक आम्ल घेतल्यास रक्त सुधारते, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहू शकते. शाकाहारी आहारात ब-१२ कमी असल्याने भारतात या भेदाला विशेष महत्त्व आहे.

उत्तरायुष्य

दुसऱ्या महायुद्धात युद्धकालीन आहारावरील गरोदर स्त्रियांना लोह देण्याची चाचणी विल्स यांनी हाती घेतली. जुलै १९४४ मध्ये रुग्णालयावर उडता बॉम्ब पडून तीत व्यत्यय आला. रॉयल फ्रीमध्ये रक्तविज्ञानाचा पहिला विभाग त्यांनीच उभारला. १९४७ मध्ये निवृत्त झाल्यावर जमैका, फिजी व दक्षिण आफ्रिका येथे जाऊन त्यांनी पोषण आणि रक्तक्षयाचा अभ्यास चालू ठेवला. त्या अविवाहित राहिल्या. गिर्यारोहण, बर्फावरील घसरण आणि बागकामाची त्यांना आवड होती. कामावर त्या सायकलने जात. अखेरच्या दशकात त्या मजूर पक्षातर्फे चेल्सीच्या स्थानिक परिषदेच्या सदस्य होत्या.