जयंती विशेष : प्रथिनांच्या घडणीचा नकाशा आखणारे डॉ. जी. एन. रामचंद्रन

अमिनो आम्लांची लांब साखळी विशिष्ट घडी घेते, तेव्हाच प्रथिन आपले कार्य करू शकते. ही साखळी कोणत्या घड्या घेऊ शकते आणि कोणत्या घेऊच शकत नाही, याचा नकाशा जगाला मद्रासमधून मिळाला. तो आखणाऱ्यांचे अग्रणी डॉ. जी. एन. रामचंद्रन यांची ८ ऑक्टोबर रोजी जयंती.

केरळमधील एर्नाकुलम येथे १९२२ मध्ये जन्मलेले रामचंद्रन १९४२ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत विद्युत अभियांत्रिकीसाठी दाखल झाले, सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना भौतिकशास्त्राकडे वळवले. केंब्रिजमधून डॉक्टरेट घेऊन ते मायदेशी परतले आणि १९५२ मध्ये मद्रास विद्यापीठात भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुख झाले.

त्वचा, हाडे व स्नायुबंध यांना बळकटी देणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनाची रचना तेव्हा अज्ञात होती. कांगारूच्या शेपटीतील कोलॅजेनची क्ष-किरण चित्रे अभ्यासून रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४-५५ मध्ये तीन साखळ्यांच्या पिळाची रचना मांडली. या साखळ्यांत दर तिसऱ्या जागी ग्लायसिन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल असते. पिळाच्या आतील अरुंद जागेत तेवढेच मावते, हे या रचनेतून उलगडले.

मात्र फ्रान्सिस क्रिक आणि अलेक्झांडर रिच यांनी आक्षेप घेतला. या रचनेत काही अणू एकमेकांच्या वाजवीपेक्षा जवळ येतात, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी सुचविलेला बदल पुढे ग्राह्य ठरला. तीन साखळ्यांच्या पिळाची मूळ कल्पना मात्र टिकली.

रामचंद्रन यांनी हा आक्षेपच संशोधनाचा विषय केला. दोन अणू किती जवळ येऊ शकतात, हे त्यांनी ज्ञात स्फटिक रचनांवरून पडताळले. साखळीतील प्रत्येक दुव्याची वळणे मुख्यतः दोन कोनांवर ठरतात. सी. रामकृष्णन व व्ही. शशिशेखरन यांच्यासह त्यांनी हे कोन आलेखावर मांडले, तेव्हा आलेखाचा बहुतांश भाग निषिद्ध ठरला. अणूंची टक्कर टाळणारी मोजकीच क्षेत्रे उरली आणि प्रथिनांतील परिचित सर्पिल व पट्टरचना नेमक्या त्यांतच बसल्या. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेला हा आलेख ‘रामचंद्रन आलेख’ म्हणून जगन्मान्य झाला.

१९७१ मध्ये ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्यासह त्यांनी क्ष-किरण छायांवरून आतील प्रतिमा उभारण्याची गणिती पद्धत मांडली. सीटी स्कॅनच्या विकासात ती महत्त्वाची ठरली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी रेण्वीय जैवभौतिकी विभाग उभारला. १९७७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. उत्तरायुष्यात कंपवाताने त्यांना ग्रासले. ७ एप्रिल २००१ रोजी चेन्नईत त्यांचे निधन झाले.

आजही एखाद्या प्रथिनाची नवी रचना मांडली गेली, की ती रामचंद्रन आलेखावर तपासली जाते. निषिद्ध क्षेत्रात पडलेला बिंदू संशोधकाला आपले काम पुन्हा पडताळून पाहायला लावतो.