शोघी एफेंदी
शोघी एफेंदी (१ मार्च १८९७, अक्का – ४ नोव्हेंबर १९५७, लंडन) हे बहाई धर्माचे धर्मसंरक्षक होते. संस्थापक बहाउल्लाह यांचे ते पणतू व अब्दुल-बहा यांचे दौहित्र. ऑक्सफर्ड येथे शिकत असताना १९२१ मध्ये आजोबांचे निधन झाले आणि त्यांच्या मृत्युपत्रान्वये वयाच्या चोविसाव्या वर्षी ही धुरा त्यांच्याकडे आली.

१९२५ मध्ये इजिप्तमधील बेबा येथील धार्मिक न्यायालयाने काही बहाई पुरुषांचे मुस्लिम स्त्रियांशी झालेले विवाह रद्द ठरविले. बहाई हा स्वतंत्र नवा धर्म असून त्याचे अनुयायी मुसलमान नव्हेत, असे कारण निकालात दिले होते. संसार मोडणारा हा निकाल वस्तुतः शिक्षाच होती. परंतु शोघी एफेंदींनी त्यातील कारणमीमांसाच मान्यतेचा आधार म्हणून जगापुढे मांडली. पुढे मुस्लिम दफनभूमीत बहाईंना पुरण्यास १९३९ मध्ये मुफ्तींनी मनाई केली, तेव्हा सरकारने त्यांना कैरो व इस्माइलिया येथे स्वतंत्र जागा दिली.

इराणमध्ये असे काही पदरात पडले नाही. शासनाच्या आज्ञा पाळाव्यात, मात्र धर्म नाकारू नये, हा त्यांचा दंडक होता. धार्मिक दिवशी सुटी पाळल्यामुळे तेहरानची नामांकित तरबियत शाळा १९३४ मध्ये सरकारने बंद केली. १९५५ मध्ये तेथील बहाई केंद्राचा घुमट पाडला गेला, तेव्हा संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागण्यात आली.

त्यांची समाधी लंडनमध्ये आहे. त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी, १९६० मध्ये, इजिप्तमधील बहाई संस्था राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने बरखास्त झाल्या.