आत्मसंरक्षणाची विद्या पारखणारा शिक्षक : जिगोरो कानो

मुलामुलींस आत्मसंरक्षणाची एखादी विद्या यावी असें आतां पुष्कळ पालकांस वाटूं लागलें आहे, आणि तें योग्यच आहे. रस्त्यांत, गाडींत, गर्दींत केव्हां काय प्रसंग ओढवेल याचा नेम नाहीं. असे पालक आम्हांस शाळेंत भेटतात तेव्हां त्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो. कराटे, ज्युदो, तायक्वांदो असे नाना प्रकारचे वर्ग निघाले आहेत. त्यांपैकीं खऱ्या संकटांत उपयोगीं पडेल असा कोणता निवडावा? या प्रश्नास एका वाक्यांत उत्तर देण्यापेक्षां आम्ही आज एका थोर शिक्षकाचें चरित्रच वाचकांपुढें ठेवतों. हाच प्रश्न त्यांना सुमारें दीडशें वर्षांपूर्वीं पडला होता, आणि त्याचें उत्तर शोधण्यांत त्यांनीं आपलें आयुष्य वेंचलें.

जिगोरो कानो यांचा जन्म १८६० सालीं जपानांतील मिकागे या समुद्रकांठच्या गांवीं झाला. हें गांव आज कोबे शहरांत मोडतें. आई लहानपणींच वारली आणि वडिलांनीं मुलास टोकियोस नेऊन उत्तम शाळांत घातलें. बुद्धि तल्लख, इंग्रजींत विशेष गति. पण शरीर मात्र अगदीं किरकोळ. पूर्ण वाढ झाल्यावरही त्यांची उंची पांच फूट दोन इंचांच्या आसपासच होती. वसतिगृहांतील दांडगीं मुलें अशा मुलास कशीं छळतात हें आमच्या बालवाचकांस सांगावयास नकोच. जुजुत्सु नांवाच्या जुन्या विद्येनें दुबळा मनुष्य बलवानास लोळवूं शकतो असें त्यांच्या कानीं आलें होतें. परंतु ओळखीच्या जाणत्यांपैकीं कोणीही ती शिकविण्यास तयार होईना.

त्याचें कारण त्या काळांत होतें. १८६८ सालीं जपानांत नवी राजवट आली. १८७६ सालीं सामुराई योद्ध्यांस तलवार बाळगण्याची मनाई झाली. जुन्या युद्धविद्या निरुपयोगी ठरल्या, त्यांच्या शिक्षकांची उपजीविका बुडाली, आणि कित्येकांनीं हाडें बसविण्याचा धंदा पत्करला. १८७७ सालीं विद्यापीठांत शिरलेल्या कानोंनीं ही गोष्ट बरोबर हेरली. ते हाडवैद्यांकडे चौकशी करीत हिंडूं लागले, आणि अशाच एका वैद्याच्या सांगण्यावरून त्यांना फुकुदा हाचिनोसुके हे गुरु लाभले.

फुकुदा हे तेन्जिन शिन्यो या परंपरेचे. एकदां त्यांनीं कानोंस एका डावानें पाडलें. हात कोठें धरावा, पाय कसा टाकावा, असें शिष्यानें विचारतांच गुरूंनीं उत्तरादाखल त्यांना पुन्हां आपटलें. पुन्हां विचारलें, पुन्हां आपटलें. अनुभवाशिवाय ही विद्या येत नाहीं हा त्यांतला बोध कानोंनीं घेतला. तथापि प्रत्येक डावाच्या मुळाशीं कांहीं कारण असलेंच पाहिजे, आणि तें शिष्यास समजावून देतां आलें पाहिजे, हा आपला आग्रहही त्यांनीं सोडला नाहीं.

तेथें फुकुशिमा नांवाचा एक दांडग्या अंगाचा सहाध्यायी होता. तो कानोंस कांहीं केल्या आटपेना. त्यांनीं सुमो मल्लांचे डाव करून पाहिले, ते फसले. मग त्यांनीं ग्रंथालयांत जाऊन पाश्चात्त्य कुस्तीचीं पुस्तकें चाळलीं. त्यांत प्रतिस्पर्ध्याच्या खालीं शिरून त्याला खांद्यावर उचलून फेंकण्याचा एक डाव सांपडला. तो घोटून घोटून तयार केल्यावर एके दिवशीं त्यांनीं त्या धिप्पाड गड्यास खरोखरच उचलून टाकलें. डाव स्वदेशी कीं परदेशी, जुना कीं नवा, हें त्यांनीं पाहिलें नाहीं. विरोध करणाऱ्या माणसावर तो चालतो कीं नाहीं, एवढेंच पाहिलें.

१८७९ सालीं फुकुदा वारले. नंतर कानो त्याच परंपरेच्या इसो मासातोमो यांजकडे शिकले. तेही १८८१ सालीं निवर्तले. तेव्हां त्यांनीं कितो या निराळ्या परंपरेचे गुरु इकुबो यांचें शिष्यत्व पत्करलें. पहिल्या परंपरेंत आघात करणें, गळा आवळणें व जखडून धरणें यांवर भर होता. दुसरींत फेंकण्याचे डाव श्रेष्ठ होते. एका ठिकाणीं जें उत्तम शिकवीत त्याची उणीव दुसऱ्या ठिकाणीं भासे, हें कानोंनीं स्वतःच्या अंगानें अनुभविलें.

१८८२ सालीं, वयाच्या बाविसाव्या वर्षीं, टोकियोंतील एइशोजी नांवाच्या मंदिरांत अवघ्या बारा चटयांच्या जागेंत त्यांनीं आपली शाळा काढली. तिचें नांव कोदोकान. पहिल्या वर्षीं विद्यार्थी नऊ. आपल्या विद्येस त्यांनीं ज्युदो हें नांव दिलें. त्यांत त्यांनीं जी निवड केली ती आम्हांस फार मोलाची वाटते. डोळा फोडणें, सांधा उखडणें असे भयंकर डाव ऐकावयास फार परिणामकारक वाटतात. पण ते मित्रावर पूर्ण जोरानें कधींच करून पाहतां येत नाहींत. म्हणजे प्रसंग येईपर्यंत आपणांस तें खरोखर साधलें आहे कीं नाहीं हें कळावयाचेंच नाहीं. यास्तव असे डाव त्यांनीं ठरीव क्रमानें करावयाच्या अभ्यासांत राखून ठेवले, आणि रोजच्या मोकळ्या झोंबींत इजा न करतां पूर्ण ताकदीनें अजमावतां येतील असेच डाव घेतले. कसें पडावें हेंही ते आरंभींच शिकवीत. प्रथम समोरच्याचा तोल ढळवावा आणि मगच डाव टाकावा, हें तत्त्व त्यांनीं स्पष्ट करून मांडलें. तो ढकलूं लागला तर आपण मागें सरावें. त्याचाच जोर त्याला पुढें ओढतो.

थोड्याच वर्षांत टोकियोच्या पोलिसांनीं भरविलेल्या सामन्यांत कोदोकानच्या शिष्यांनीं जुन्या परंपरांच्या मल्लांवर सरशी मिळविली. ज्यांनीं रोज खरा विरोध सोसला होता त्यांस सामन्यांतला विरोध नवा नव्हता.

कानोंचा पेशा मात्र अखेरपर्यंत शिक्षकाचाच राहिला. १८९३ सालीं ते टोकियोच्या उच्च अध्यापन विद्यालयाचे मुख्याध्यापक झाले, आणि मधले खंड धरूनही वीस वर्षांहून अधिक काळ त्यांनीं तें पद भूषविलें. त्याच सुमारास त्यांनीं स्त्रियांसही ही विद्या शिकविण्यास आरंभ केला. १९२६ सालीं कोदोकानांत त्यांच्यासाठीं स्वतंत्र विभाग निघाला. यूरोपांतील शिक्षणपद्धति पाहून १८९१ सालीं परत येतांना बोटीवर एका आडदांड रशियन गृहस्थाशीं त्यांची झुंज झाली, असें सांगतात. कानोंनीं त्याला फेंकलें, पण डोकें फळीवर आपटूं नये म्हणून पडतां पडतां आपल्या हातानें सांवरलें. त्या सांवरणाऱ्या हाताचें आम्हांस फेंकण्यापेक्षांही अधिक कौतुक वाटतें.

कीर्ति मिळाल्यावरही त्यांची शिकण्याची वृत्ति मावळली नाहीं. १९२२ सालीं ओकिनावाचे कराटेचे शिक्षक फुनाकोशी यांस त्यांनीं कोदोकानांत बोलावून त्यांची विद्या पाहिली. १९३० सालीं उएशिबा यांची विद्या पाहून, सत्तरीच्या घरांत असलेल्या या गुरूनें आपले शिष्य त्यांजकडे शिकावयास धाडले. हीच परंपरा पुढें चालून १९५६ सालीं कोदोकाननें सूरी, काठी व पिस्तूल यांच्या धोक्यांचा विचार करून एकवीस डावांची नवी मालिका सिद्ध केली. काळ बदलला कीं संकटें बदलतात, आणि विद्येनेंही बदललें पाहिजे.

१९०९ सालीं कानो आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सभासद झाले. हा मान मिळविणारे ते पहिले आशियावासी. १९२९ सालीं रवींद्रनाथ ठाकुरांच्या निमंत्रणावरून कोदोकानचे ताकागाकी शांतिनिकेतनांत ज्युदो शिकविण्यास आले, आणि त्या विद्येचा लाभ आपल्या देशांतील विद्यार्थ्यांसही झाला. कैरो येथील ऑलिंपिक समितीच्या बैठकीहून परततांना ४ मे १९३८ रोजीं कानो बोटीवरच निवर्तले. १९६४ सालीं टोकियोच्या ऑलिंपिक सामन्यांत ज्युदोचा प्रथम समावेश झाला, तो सोहळा पाहण्यास ते नव्हते.

आतां आमच्या पालकांच्या प्रश्नाकडे वळूं. वर्गाचें नांव, गुरूच्या भिंतीवरील पदकें किंवा पट्ट्याचा रंग यांवरून निवड करूं नका. एक दिवस तेथें जाऊन बसा आणि पाहा. पडावयास आधीं शिकवितात काय? जोडीदार खरोखर विरोध करतो, कीं सांगितल्याबरोबर लोळण घेतो? मुलानें कारण विचारलें तर गुरु सांगतो, कीं रागावतो? चार दिवसांत सूरी हिसकावून घेण्याची हमी कोणी देत असेल, तर तेथून मुलास घेऊन सरळ घरीं या. खोटा आत्मविश्वास हा दुर्बलतेहून अधिक घातक आहे. कारण दुर्बल मनुष्य निदान पळून तरी जातो.

आणि विद्यार्थ्यांनो, पळून जाण्यांत लाज नाहीं. शक्तीचा योग्य तेथेंच उपयोग करावा आणि आपल्याबरोबर दुसऱ्याचेंही हित साधावें, हीं दोन तत्त्वें कानोंनीं आपल्या विद्येच्या शिरोभागीं ठेविलीं. शस्त्र घेतलेल्या माणसास पैशाचें पाकीट देऊन जीव वांचविणें आणि मोठ्यानें हांक मारून माणसें गोळा करणें, हाही शक्तीचा योग्य उपयोगच होय. ज्याला लहानपणीं दांडग्यांनीं छळलें, त्या मुलानें मोठेपणीं दांडगाई शिकविली नाहीं. पाडलेल्या माणसाचें डोकें सांवरावयास शिकविलें. अशी शिकवण जेथें मिळेल तोच वर्ग आपल्या मुलांसाठीं निवडावा, असें आम्हांस मनापासून वाटतें.